बाखची डेडलाइन, जपानचा ओव्हरटाइम

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसातली हवा कशी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. कँटीनमधले ग्रुप हळू आवाजात बोलायला लागतात, एचआरची बाई अचानक सगळ्यांकडे बघून हसायला लागते आणि टीम लीडर एक्सेल शीट उघडून कोणाच्या नावापुढे काय टाकतोय याचा अंदाज बांधण्यात अख्खी दुपार जाते. तर अशाच एका टीम लीडरचं अप्रेझल परवा वाचनात आलं. टीम एकूण ५४ जणांची. रिमार्क असा: १७ कामाचे, २० अजून कामाचे झालेले नाहीत, १७ बिनकामाचे. बस्स! नावानिशी यादी आणि खाली सही. गोड बोलून गोळी देणं वगैरे भानगडच नाही.

तारीख २३ ऑगस्ट १७३०. ठिकाण जर्मनीतलं लाइपझिग. टीम म्हणजे सेंट थॉमस चर्चच्या शाळेतली गाणारी पोरं. आणि सही करणारा योहान सेबास्टियन बाख.

हो, तोच. नोकियाच्या जुन्या हँडसेटमध्ये ‘बादिनेरी’ नावाची एक तुरुतुरु पळणारी रिंगटोन असायची, आठवतेय? तिचा बाप. चित्रात पांढरा विग घालून, कपाळाला आठ्या पाडून बसलेला असतो. आपण त्याला ‘वेस्टर्न क्लासिकलचा देव’ वगैरे म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. पण या देवानं लाइपझिगमध्ये तब्बल २७ वर्षं नोकरी केली, आणि नोकरीही अशी की वाचताना सारखं वाटतं, अरे, हे तर आपल्याच मजल्यावरच्या कोणाचं तरी चाललंय!

सिलेक्शनचाच किस्सा घ्या. १७२२-२३ मध्ये लाइपझिगच्या नगरपालिकेला शहरातल्या मुख्य चर्चांसाठी संगीतप्रमुख हवा होता. पहिली पसंती टेलेमानला. त्यानं ही ऑफर हॅम्बुर्गमधल्या आपल्या साहेबांपुढे नाचवली आणि पगार वाढवून घेतला. (काउंटर ऑफरचा फंडा तीनशे वर्षं जुना आहे, मंडळी!) दुसरी पसंती ग्राउपनरला. त्याच्या मालकानं त्याला सोडायलाच नकार दिला. मग उरला बाख. उत्तम माणूस मिळत नसेल तर मधल्या दर्जाचा घ्यावा लागेल, अशा अर्थाचं एक नगरसेवक मीटिंगमध्ये बोलून गेला आणि बिचारा त्या एका वाक्यासाठी इतिहासात राहिला.

काम काय होतं? रविवारी सकाळी ७ वाजता चर्चमधली प्रार्थना सुरू व्हायची आणि तीन-चार तास चालायची. त्यात प्रवचनाच्या आधी, त्या रविवारच्या बायबलमधल्या उताऱ्यावर बेतलेली एक संगीतरचना व्हायची. वीस-पंचवीस मिनिटांची, कोरस आणि ऑर्केस्ट्रासकट. तिला म्हणतात कँटाटा. ज्यांनी लहानपणी आजीबरोबर देवळात कीर्तन ऐकलंय त्यांना हा प्रकार कळायला अजिबात जड जाणार नाही. सुरुवातीला सगळ्यांचं मिळून दणदणीत गाणं, मग एकट्यानं बोलल्यासारखं गायचा भाग, मग त्यावर मन लावून आळवलेलं एक गाणं, परत थोडं बोलणं, परत गाणं आणि शेवटी गावातल्या प्रत्येकाला पाठ असलेल्या चालीवरचं स्तोत्र. कीर्तन संपताना आरती सुरू झाली की मागच्या खांबाला टेकून पेंगणारे आजोबासुद्धा ताठ बसतात ना, तसं.

आता गंमत बघा. पुढच्या रविवारी उतारा वेगळा, म्हणून कँटाटा नवा. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी नवा. मध्ये एखादा सण आला की त्याचा वेगळा. ३० मे १७२३ ला बाखनं या नोकरीतला पहिला कँटाटा सादर केला आणि मग पहिली काही वर्षं हे चक्र जवळपास अखंड फिरत राहिलं. लिहायचं, मग प्रत्येक गायक-वादकाचा भाग वेगळ्या कागदावर उतरवायला बायको आणि विद्यार्थी बसवायचे, शाई वाळते न वाळते तोच तालीम, आणि रविवारी सकाळी फायनल सबमिशन. एक्स्टेन्शन नाही. येशू काही पुढच्या आठवड्यात ढकलता येत नाही. मी स्वतः दर आठवड्याला हे एक पान लिहून देते, आणि बुधवारी रात्री संपादकांचा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. या माणसाच्या घरात त्याच वेळी एकामागून एक मुलं जन्मत होती, काही जात होती. वीसपैकी दहाच मोठी झाली.

एक बारीकशी गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे जुन्या माणसांनी कागद हातात घेतला की वर आधी ‘श्री’ येतो, अगदी वाण्याच्या यादीवरसुद्धा. बाख आपल्या कागदावर वर लिहायचा ‘जे. जे.’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, येशू, मदत कर. आणि काम संपलं की खाली ‘एस. डी. जी.’. म्हणजे सगळं श्रेय एकट्या देवाला. पुढच्या आठवड्यात परत वर ‘जे. जे.’.

श्रेय देवाला, पण पैसे मात्र नगरपालिकेनं द्यायचे होते आणि तिथंच घोडं अडलेलं. वर म्हटलेलं ते १७३० चं अप्रेझल म्हणजे खरं तर नगरपालिकेला लिहिलेला एक खरमरीत अर्ज आहे. प्रत्येक कोरसला कमीत कमी १२ गायक हवेत, १६ असतील तर बरं. सरकारी पगारावरचे वादक फक्त ८. त्यांच्या दर्जाबद्दल खरं बोलायला सभ्यता आडवी येते, असा एक टोमणाही आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं डान्झिगमधल्या एका जुन्या मित्राला पत्र लिहून दुसरीकडे नोकरी बघ म्हणून गळ घातली. त्यात पगाराचा हिशेब आहे. वर्षाला सुमारे ७०० थालर मिळतात, पण त्यातला बराच भाग अंत्यविधींच्या फीचा. गावात माणसं जास्त मेली तर कमाई वाढते, आणि हवा चांगली असली की आपलं नुकसान! आदल्या वर्षी म्हणे लोक फार निरोगी राहिले, त्यामुळे शंभरावर थालर बुडाले. व्हेरिएबल पे याहून वाईट असू शकत नाही. नवी नोकरी काही मिळाली नाही. १७५० मध्ये मरेपर्यंत तो तिथंच होता.

त्याच्या चर्चसाठीच्या कँटाटांपैकी साधारण २०० आज शिल्लक आहेत. बरेचसे हरवले. कारण उघड आहे, रविवार होऊन गेला की ते कागद कपाटात. गेल्या आठवड्याचं प्रेझेंटेशन कोण उघडून बघतं?

बाखपर्यंत पोहोचायचा माझा रस्ता मात्र जर्मनीतून नाही, पुणे-ओसाका असा गेला. माझी कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात जपानी शिकली, सगळ्या परीक्षा पटापट पास झाली आणि दुभाषी म्हणून तिकडे गेली ती तिकडचीच झाली. (पुण्यात दर तिसऱ्या सोसायटीत एकतरी जपानी शिकणारं सापडतंच.) एका रात्री तिचा मेसेज आला, हे ऐक आणि सांग गाणारे कुठले. मी ऐकलं. चर्चमधला कोरस, तातीच्या तारांचा जरा खरखरीत, उबदार आवाज, जर्मन शब्द. म्हटलं, जर्मन असतील. ती म्हणाली, कोबेचे!

ग्रुपचं नाव बाख कॉलेजियम जपान. १९९० मध्ये मासाआकी सुझुकी यांनी तो सुरू केला. सुझुकी मूळचे कोबेचेच, १९५४ चा जन्म. घर ख्रिश्चन, बाराव्या वर्षापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागले. टोकियोत शिकले, मग ॲमस्टरडॅमला जाऊन टोन कोपमान यांच्याकडे हार्पसिकॉर्ड शिकले आणि परत जपानला आले. मग डोक्यात खूळ घेतलं की बाखचे चर्चसाठीचे सगळेच्या सगळे कँटाटा बसवायचे आणि रेकॉर्ड करायचे. जपानी ग्रुपनं. जर्मनमधून.

जरा १९९५ साल डोळ्यांसमोर आणा. १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे हादरलं. सहा हजार चारशेहून जास्त माणसं गेली. उंचावरचा हायवे आडवा पडला, तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असेल. आणि त्याच कोबेत, त्याच वर्षी जूनमध्ये, शोइन महिला विद्यापीठाच्या चॅपलमध्ये या मंडळींनी पहिल्या सीडीचं रेकॉर्डिंग केलं. पहिल्या सीडीवरचा एक कँटाटा म्हणजे बीडब्ल्यूव्ही ४, ‘क्रिस्ट लाग इन टोडेसबांडेन’. (बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांचा कॅटलॉग नंबर, घाबरू नका.) ईस्टरसाठीचा आहे. मरण आणि जीवन एकमेकांशी झुंजतात, हा त्याचा विषय. बाखनं तो लिहिला साधारण बाविशीत, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी पहिली नोकरी धरली त्या वयात. शहराचे अर्धे रस्ते अजून उखडलेले असताना तिथं उभं राहून हे गायचं म्हणजे काय झालं असेल, याचा विचार करत मी एक रविवार घालवला.

आता थोडं त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. बरोक संगीत म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं युरोपीय संगीत. सुझुकी आणि कंपनी ते त्या काळच्या धर्तीच्या वाद्यांवर वाजवतात. व्हायोलिनला स्टीलऐवजी आतड्याच्या तातीच्या तारा, बासरी लाकडी, ट्रंपेटला बटणंच नाहीत, म्हणजे सगळे सूर नुसत्या ओठांनी आणि श्वासानं काढायचे. सूरही खालचा लावतात. आजच्या ऑर्केस्ट्राचा ‘ए’ ४४० हर्ट्झचा, यांचा ४१५ चा. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहाच्या जागी काळी चार ऐकू येते. अर्ध्याच सुराचा फरक, पण सगळा ताण उतरतो. तार सप्तकात किंचाळणारा सोप्रानो एकदम माणसात येतो.

आणि कोरस छोटा. शंभर माणसांची भिंत नाही, एकेका आवाजाला तीन किंवा चार जण, म्हणजे १२ ते १६. बाखनं नगरपालिकेकडे मागितले होते तेवढेच! (त्याला मिळाले नाहीत, सुझुकींना मिळाले.) ज्यांनी एकट्यानं गाणं गायचं तेही कोरसमध्येच उभे राहतात, आपला तुकडा आला की पुढे येऊन गातात आणि परत आपल्या जागी जातात. स्टारची वेगळी खुर्ची नाही. त्या ‘स्टार’मध्ये योशिकाझु मेरा नावाचा एक गायक होता. पुरुष असून बाईच्या पट्टीत गाणारा, ज्याला काउंटरटेनर म्हणतात. ॲनिमे बघणाऱ्यांनो, कान टवकारा. मियाझाकीच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’चं १९९७ मधलं टायटल साँग त्याचंच!

पण खरी लढाई होती ती जिभेची. जपानी भाषेत जोडाक्षरं जवळजवळ नाहीतच, प्रत्येक व्यंजनाला शेपटीसारखा स्वर लागतो. माझ्या मैत्रिणीला पहिल्या आठवड्यात पत्ता विचारताना ‘मॅकडोनाल्ड’चं ‘माकुदोनारुदो’ करावं लागलं होतं. ‘ख्राइस्ट’चं तिथं ‘किरिसुतो’ होतं. आणि जर्मन? ‘श्मेर्त्स’ म्हणजे वेदना, ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती. आपल्याला शाळेत ‘कार्त्स्न्य’ दहा वेळा लिहायची शिक्षा झालेली असते, त्यामुळे आपण हे शब्द चावून खाऊ. पण ज्याच्या भाषेत ‘र’ आणि ‘ल’ हा भेदच नाही, त्या माणसानं चॅपलच्या घुमणाऱ्या हवेत सोळा जणांबरोबर एकाच क्षणी ‘त्स’ संपवायचा म्हणजे बघा! बाखमध्ये हे चालढकल करण्यासारखं नसतं. त्याच्याकडे शब्दच गाणं ओढत नेतात. ‘पडला’ म्हटलं की सूर खाली कोसळतो, ‘पळा’ म्हटलं की व्हायोलिनं पळत सुटतात. शब्द कळला नाही तर नुसतेच सूर वर-खाली होताना दिसतात. सुझुकी तालमीत म्हणे शब्द न् शब्द फोडून सांगायचे, बायबलचे संदर्भ समजावायचे, कारण ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचा ख्रिस्ती धर्माशी काहीच संबंध नव्हता.

नसणारच. जपानमध्ये ख्रिश्चन लोक शेकडा एकाच्या आसपास. आणि या एका टक्क्यामागे एक भयंकर मोठी गोष्ट आहे, तिचं एक टोक आपल्या गोव्यात आहे.

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात ज्याचं शव ठेवलंय तो फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये जपानमधल्या कागोशिमाला उतरला. जपानमधला ख्रिस्ती धर्म सुरू होतो तो तिथून. पुढे १५८२ मध्ये तेरा-चौदा वर्षांची चार जपानी मुलं नागासाकीहून जहाजानं निघाली, गोव्यात थांबली, लिस्बनला गेली, रोमला पोपना भेटली आणि परत गोव्यावरून १५९० मध्ये घरी पोहोचली. येताना वाद्यं घेऊन आली होती. १५९१ मध्ये क्योतोला त्यांनी हिदेयोशीसमोर, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या सर्वेसर्वासमोर, युरोपीय संगीत वाजवून दाखवलं. गाडी इतकी वेगात चालली होती! मग १६१४ मध्ये देशभर बंदी आली. पाद्री हाकलले, चर्च पाडली, धर्म सोडायला नकार देणाऱ्यांना हाल करून मारलं. त्या चार पोरांपैकी एक, नाकाउरा जुलियाओ, मोठा होऊन पाद्री झाला होता. १६३३ मध्ये नागासाकीत त्याला मारण्यात आलं. जाहीर बंदीच्या पाट्या उतरल्या त्या थेट १८७३ मध्ये.

आता यात बाखचं आयुष्य बसवा. १६८५ ते १७५०. म्हणजे तो लाइपझिगमध्ये कागदावर ‘जे. जे.’ लिहून दर रविवारची डेडलाइन गाठत होता त्या प्रत्येक आठवड्यात जपानमध्ये तेच नाव घेणं हा जिवावरचा गुन्हा होता.

आणि तरीही जपानी माणसं तिकीट काढून हे ऐकायला येतात. गुड फ्रायडेच्या सुमाराला ‘पॅशन’, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांची तीन तासांची कथा, भरल्या हॉलमध्ये. मैत्रिणीनं एकदा टोकियोच्या ऑपेरा सिटी हॉलमध्ये ऐकली. म्हणाली, शेजारचे सूटवाले काका हातात भाषांतराची पुस्तिका धरून बोटानं ओळ न् ओळ वाचत होते, आणि संपल्यावर बराच वेळ टाळीच वाजली नाही.

धर्म त्यांचा नाही, भाषा त्यांची नाही, मग नेमकं काय ऐकतात? माझ्या ओळखीच्या एका कट्टर क्लासिकलवाल्यानं यावर हात झटकून सांगितलं, शब्दांकडे बघायचंच नाही, संगीत म्हणून ऐकायचं. मला हे पटत नाही. मी स्वतः देवबिव मानत नाही, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी सोडून दिलेलं प्रकरण आहे. पण गेल्या वर्षी आजोबा गेले, त्यानंतर एका संध्याकाळी आळीतलं भजनी मंडळ घरी आलं. पखवाज जरा उतरलेला, पेटीचा एक सूर चिकटणारा, गाणारे रिटायर्ड पोस्टमन आणि किराणावाले. त्यांनी अभंग धरला आणि दहा दिवस कोरडी ठणठणीत असलेली मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता मला कोणी सांगावं की तू ‘शुद्ध संगीत’ ऐकून रडलीस, तर मी त्याला हसेन. शब्दांनीच रडवलं. विठ्ठल खरा असण्याची गरज पडली नाही, पण गाणाऱ्यांनी तो खरा धरून गाणं मात्र भाग होतं. भीमसेनांची ‘संतवाणी’ ऐकायला भरलेल्या थिएटरात माळकरी किती असायचे आणि माझ्यासारखे किती, हे कधी कोणी मोजलं नाही, पण गर्दी कमी नसायची.

सुझुकींनी २००० साली छापून आलेल्या एका लेखात जे सांगितलंय ते याच्या पुढचं आहे. कार्यक्रम संपला की लोक स्टेजभोवती जमतात, आणि जपानी समाजात एरवी ज्याबद्दल बोलत नाहीत त्याबद्दल विचारतात. मरणाबद्दल. आणि मग हमखास विचारतात, की तुम्ही ख्रिश्चन लोक ‘आशा’ म्हणता म्हणजे नक्की काय म्हणता? मी हे वाचलं आणि ती भरलेली सभागृहं मला एकदम वेगळी दिसायला लागली. दिवसभर ऑफिसात मान खाली घालून बसलेली माणसं, संध्याकाळी सातच्या शोला येऊन कंडक्टरला मरणाबद्दल विचारतात! आपल्या ऑफिसात कोणाचे वडील गेले तर आपण ‘टेक केअर’ टाइप करून खाली हात जोडलेली इमोजी टाकतो. तेरा दिवसांनी तो परत आला की कोणीच विषय काढत नाही, सगळे एकदम बजेटबद्दल बोलायला लागतात. मीही बोलते. बाखच्या लाइपझिगमध्ये मरण हे पगाराच्या स्लिपवर होतं, दर रविवारच्या गाण्यात होतं, घरातल्या पाळण्यात होतं. त्याला विषय बदलायची सोयच नव्हती. आणि म्हणूनच की काय, त्याच्या कँटाटांमध्ये मरणाबद्दल इतक्या तऱ्हांनी बोललंय की ऐकताना आश्चर्य वाटतं. कुठे भीती, कुठे कंटाळा, कुठे चक्क झोपेचं गाणं, अंगाईसारखं.

तर हा कारभार १९९५ ला सुरू झाला आणि संपला २०१३ च्या फेब्रुवारीत. अठरा वर्षं, ५५ सीडी. बीआयएस नावाच्या एका छोट्या स्वीडिश कंपनीनं त्या काढल्या. याच अठरा वर्षांत कॅसेट गेली, सीडी आली आणि सीडीही जायला लागली, मोठमोठ्या म्युझिक कंपन्यांनी असले लांबलचक प्रोजेक्ट मध्येच सोडून दिले, पण हे दरवर्षी त्याच चॅपलमध्ये जमत राहिले. आपल्याकडे तीन वर्षं एका कंपनीत टिकलं तर लोक विचारतात, काय रे, कुठे इंटरव्ह्यू देत नाहीस का? या ग्रुपमधले काही जण पहिल्या सीडीवरही आहेत आणि शेवटच्याही. बाखनं एकेक कँटाटा आठवड्यात उडवला आणि यांनी अठरा वर्षं घेतली, यावर मैत्रिणीची कमेंट: टिपिकल जपानी क्वालिटी कंट्रोल! २०१२ मध्ये खुद्द लाइपझिग शहरानं सुझुकींना बाख मेडल दिलं. म्हणजे ज्या गावानं बाखला तिसऱ्या नंबरवर निवडलं आणि माणसं वाढवून दिली नाहीत, त्या गावानं.

आणि शेवटच्या, ५५ व्या सीडीवर कुठला कँटाटा आहे माहितीये? बीडब्ल्यूव्ही १९१. बाखच्या चर्चसाठीच्या कँटाटांमधला एकुलता एक, जो जर्मनमध्ये नाही, लॅटिनमध्ये आहे. अठरा वर्षं ‘त्स’ आणि ‘ख’ घोटून घेतले आणि फेअरवेलला पेपर आउट ऑफ सिलॅबस!

थांबले नाहीत ते अजून. मार्च २०२० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना कोविड आला, एकेक शहर बंद होत गेलं, कार्यक्रम रद्द होत गेले. शेवटी कलोनमध्ये, प्रेक्षक नसलेल्या रिकाम्या सभागृहात त्यांनी ‘सेंट जॉन पॅशन’ रेकॉर्ड केली आणि मग घरी परतले. ती मिळवून ऐका. पहिल्याच कोरसमध्ये खालचे तंतुवाद्य एकाच सुरावर ठोके देत राहतं, छातीत धडधडल्यासारखं, आणि वर ओबो एकमेकांना बोचत राहतात. ‘बॅकग्राउंडला लावून मेल उरकते’ या कॅटेगरीतलं ते नाही, आधीच सांगते.

सुरुवात करायची असेल तर मात्र बीडब्ल्यूव्ही ४ पासूनच करा, कोबेवाल्यांची पहिली सीडी. जेमतेम वीस मिनिटांचा आहे. सात कडवी, सातही एकाच चालीवर आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हाल्लेलुया’. पण दुसऱ्या कडव्याचा ‘हाल्लेलुया’ इतका थकलेला आणि पहिल्याचा इतका धावत सुटलेला, की हा तोच शब्द आहे यावर विश्वास बसत नाही. फक्त लोकलमध्ये ऐकू नका. सुरुवातीला मिनिटभर नुसती तंतुवाद्यं आहेत, फार हळू, आणि दादरला उतरणाऱ्यांच्या धक्काबुक्कीत ती पार बुडून जातात.